व्हॉल्व्ह अँप्लिफायरचा रेक्टिफायर बदलताना

ईझेड८१ सारखा रेक्टिफायर व्हॉल्व्ह (निर्वात काचेची नळी) आता सहज मिळत नाही. मिळाला तरी तो कोणाच्या जुन्या रेडिओतून निघालेला आणि किती वापरलेला आहे याची खात्री नसते. दुसरीकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास १एन४००७ हे सिलिकॉन डायोड चहाच्या पैशांत मूठभर मिळतात. काम दोघांचं एकच, उलटसुलट वाहणाऱ्या एसीचं एकाच दिशेचं डीसी करणं. मग व्हॉल्व्ह काढून तिथे डायोड लावले तर काय बिघडलं, असा विचार घरी अँप्लिफायर बांधणाऱ्या प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी येतो.

बदल करता येतो आणि तो चांगला वठतोही. पण रेक्टिफायर बदलला की अख्ख्या अँप्लिफायरचं व्होल्टेज बदलतं. आउटपुट व्हॉल्व्ह किती तापतील, कंडेन्सरांवर किती ताण येईल, ट्रान्सफॉर्मर किती गरम होईल, हे सगळं त्या एका व्होल्टेजवर ठरतं. ते मोजून जागेवर आणल्याशिवाय आवाज सुधारला की बिघडला हे ठरवण्यात अर्थ नाही.

मोघम बोलण्यापेक्षा एक खरा आराखडा समोर ठेवू. ब्रिटनच्या मलार्ड कंपनीने १९५० च्या दशकात घरी बांधणाऱ्यांसाठी ‘५-१०’ नावाचं सर्किट प्रसिद्ध केलं. पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट म्हणून ५-१०. त्यात एक ईएफ८६, एक ईसीसी८३, आळीपाळीने जोर लावणाऱ्या पुश-पुल जोडीत दोन ईएल८४ आउटपुट व्हॉल्व्ह आणि रेक्टिफायर म्हणून एक ईझेड८१. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले ईएल८४ आपल्याकडे अजून लोकांच्या खोक्यांत सापडतात, त्यामुळे या धर्तीचे अँप्लिफायर आजही बांधले जातात. आपलं उदाहरण असं धरू: ट्रान्सफॉर्मरचं एचटी (हाय टेन्शन, म्हणजे व्हॉल्व्हना लागणारं चढं व्होल्टेज) वाइंडिंग ३००-०-३०० व्होल्ट, पहिला फिल्टर कंडेन्सर ५० मायक्रोफॅरड, आणि ईएल८४ ना मिळणारं एचटी सुमारे ३१० व्होल्ट.

रेक्टिफायर आत काय करतो

भिंतीतल्या वीजपुरवठ्याची दिशा सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते. व्हॉल्व्हच्या ॲनोडला मात्र कायम एकाच दिशेचं, धन व्होल्टेज लागतं. ब्रिटिश अभियंता जॉन अँब्रोझ फ्लेमिंग याने १९०४ मध्ये बनवलेल्या डायोड व्हॉल्व्हचं तत्त्व आजही तेच आहे. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, ॲनोड धन असेल तर तिकडे ओढले जातात, ॲनोड ऋण झाला की प्रवाह थांबतो. ईझेड८१ मध्ये एका काचेत दोन ॲनोड आणि एक सामाईक कॅथोड असतो. वाइंडिंगची दोन टोकं दोन ॲनोडना जातात, मधला सेंटर टॅप जमिनीला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या सामाईक तारेला जातो. एका अर्ध्या फेरीत एक ॲनोड काम करतो, दुसऱ्या अर्ध्यात दुसरा. त्यामुळे कंडेन्सरला सेकंदाला शंभर झटके मिळतात.

कंडेन्सर या झटक्यांच्या शिखरापर्यंत भरतो. ३०० व्होल्ट हा आकडा आरएमएस, म्हणजे एसीचं परिणामी मूल्य आहे, त्याचं शिखर १.४१४ पट, म्हणजे ४२४ व्होल्ट. मग ईझेड८१ वापरताना ३१० च का मिळतात? कारण हा व्हॉल्व्ह करंट सहजासहजी जाऊ देत नाही. त्याच्यातून जास्त करंट ओढला की त्याच्यावर जास्त व्होल्ट खर्च होतात, शिवाय वाइंडिंगच्या तारेलाही स्वतःचा रोध असतो. सिलिकॉन डायोडवर जेमतेम एक व्होल्ट पडतो. सगळ्या गोष्टीचं मूळ या फरकात आहे.

करंट किती जोराने जातो, हेही समजून घ्यायला हवं. आपला अँप्लिफायर शांत असताना साधारण ९० मिलिअँपिअर घेतो, आणि ते सलग घेतो. पण कंडेन्सर भरतो तो फक्त शिखराच्या आसपासच्या थोड्या क्षणांत. नळाला तासभर पाणी येतं आणि घर दिवसभर वापरतं, तेव्हा त्या तासात नळातून वापराच्या कितीतरी पट जोराने पाणी घ्यावं लागतं. इथेही तसंच घडतं. सरासरी ९० मिलिअँपिअर असला तरी भरण्याच्या क्षणी रेक्टिफायरमधून त्याच्या काही पट करंट धावतो. कंडेन्सर जितका मोठा आणि वाटेतला रोध जितका कमी, तितके हे झटके अरुंद आणि उंच होतात.

म्हणूनच प्रत्येक रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या डेटाशीटमध्ये पहिल्या कंडेन्सरची कमाल मर्यादा दिलेली असते. ईझेड८१ ला ५० मायक्रोफॅरड, जीझेड३४ या दुसऱ्या रेक्टिफायरला ६०. हम (स्पीकरमधली सततची घुंघुं) कमी व्हावा म्हणून त्या जागी २२० मायक्रोफॅरड लावणारे पुष्कळ भेटतात. तसं केल्यावर कॅथोडवर ठिणग्या उडतात, त्याचा लेप सुटतो आणि व्हॉल्व्ह अकाली जातो. मर्यादा फक्त पहिल्या कंडेन्सरला आहे. चोक (फिल्टरची कॉइल) किंवा रेझिस्टरच्या पलीकडे मोठा कंडेन्सर खुशाल लावा, हमही तिथेच खरा कमी होतो.

डेटाशीटमध्ये आणखी एक आकडा असतो आणि तो जवळपास कोणीच वाचत नाही: प्रत्येक ॲनोडच्या वाटेत किमान किती रोध हवा. तो मोजायला फक्त मल्टिमीटर लागतो. ट्रान्सफॉर्मर प्लगमधून काढून, कंडेन्सर रिकामे करून, प्रायमरीचा (मेनकडच्या वाइंडिंगचा) रोध मोजा. समजा १५ ओहम आला. सेंटर टॅपपासून एका टोकापर्यंतचा सेकंडरीचा (एचटी वाइंडिंगचा) रोध मोजा, समजा ११० ओहम. ३०० भागिले मेनचे २३० म्हणजे १.३, त्याचा वर्ग १.७. प्रायमरीचे १५ ओहम सेकंडरीकडून पाहिले तर १५ गुणिले १.७, म्हणजे २५ ओहमांसारखे वागतात. एकूण १३५. डेटाशीट २०० मागत असेल तर प्रत्येक ॲनोडच्या तारेत ६८ ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर घाला. नवे रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणून दर काही महिन्यांनी जाळणाऱ्यांनी व्हॉल्व्हच्या कंपनीला दोष देण्याआधी हा हिशेब करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सिलिकॉन लावल्यावर काय होतं

आता ईझेड८१ काढला आणि डायोड लावले असं समजू. वाइंडिंगचा रोध जमेस धरून चालू अवस्थेत एचटी साधारण ३७५ व्होल्टच्या आसपास जाईल. नक्की किती, हे तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर ठरेल.

ईएल८४ च्या डेटाशीटमध्ये ॲनोडची मर्यादा ३०० व्होल्ट आणि १२ वॅट आहे. पुश-पुलमध्ये ३०० व्होल्टवर, सामाईक १३० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरसह, प्रत्येक ॲनोडमधून ३६ मिलिअँपिअर जातात. म्हणजे १०.८ वॅट. व्हॉल्व्ह सुखात असतो. एचटी ३७५ झालं आणि कॅथोडवरचे दहा व्होल्ट वजा केले, तर ॲनोडवर ३६५ उरतात. करंट अजिबात वाढला नाही असं मानलं तरी ३६५ गुणिले ०.०३६ म्हणजे १३.१ वॅट झाले. प्रत्यक्षात करंटही वाढतो, म्हणून खरा आकडा याहून वाईट असतो. अंधारात पाहिलं तर ॲनोडची पट्टी लालसर दिसू लागते. स्क्रीन ग्रिडची (व्हॉल्व्हमधल्या आणखी एका जाळीची) मर्यादाही ३०० व्होल्टच असल्यामुळे त्याच्यावरही तितकाच अन्याय होतो. काही गिटार अँप्लिफायर ईएल८४ ला ३०० च्या बरंच वर चालवतात हे खरं, पण तिथे व्हॉल्व्ह वारंवार बदलावे लागणार हे गृहीत धरलेलं असतं. घरात रोज संध्याकाळी गाणी ऐकायच्या यंत्राला ते परवडत नाही.

त्याहून मोठा धोका पहिल्या वीस-पंचवीस सेकंदांत असतो. सिलिकॉनला तापावं लागत नाही. बटण दाबताच पूर्ण एचटी तयार होतं, पण ईएल८४ अजून थंड असतात आणि करंट घेत नाहीत. करंट नाही म्हणून कुठेही व्होल्ट खर्च होत नाहीत आणि कंडेन्सर थेट शिखरापर्यंत भरतो. शिखर ४२४ हे आपण पाहिलं. पण ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले ३०० व्होल्ट पूर्ण भाराचे असतात, भार नसताना ते पाच-सात टक्के चढलेले असतात. सात टक्के धरले तर ४५४. त्यात रात्री उशिरा भार उतरल्यावर तुमच्या भागात २३० ऐवजी २४५ व्होल्ट येत असतील तर ४८३. दुकानात मागितल्यावर मिळणारा नेहमीचा कंडेन्सर ४५० व्होल्टचा असतो, आणि जुन्या अँप्लिफायरमध्ये तर ३५० चाही आढळतो. तो पहिल्याच दिवशी फुटेल असं नाही. रोज थोडा थोडा खचत जाईल आणि एके दिवशी फुगून वाफ सोडेल.

यावर उपाय सोपा आहे. पहिल्या जागी ३५० व्होल्टचे दोन कंडेन्सर एकापुढे एक जोडा आणि प्रत्येकाला समांतर २२० किलोओहमचा, दोन वॅटचा रेझिस्टर लावा. त्यामुळे व्होल्टेज दोघांत सारखं वाटलं जातं आणि बंद केल्यावर साठलेली वीजही निघून जाते. १०० मायक्रोफॅरडचे दोन असे जोडले की मिळून ५० होतात. पुढच्या टप्प्यांतले फिल्टर कंडेन्सरही तपासा, कारण करंट नसताना त्यांच्यावरही तेच पूर्ण व्होल्टेज येतं. एका टप्प्यातून दुसऱ्यात आवाज नेणारे कपलिंग कंडेन्सर विसरू नका. सुरुवातीच्या सेकंदांत आधीच्या व्हॉल्व्हचा ॲनोड पूर्ण एचटीवर असतो, तेव्हा तिथे ४०० व्होल्टचा कंडेन्सर नको, ६३० चा हवा.

थंड व्हॉल्व्हवर एचटी आलं की कॅथोडचा लेप खरवडून निघतो, असं सांगून पुष्कळ घाबरवलं जातं. ईएल८४ सारख्या छोट्या व्हॉल्व्हला या व्होल्टेजवर त्याची फार चिंता करू नये, असं माझं मत आहे. चिंता कंडेन्सरांची करावी. आणि व्हॉल्व्ह रेक्टिफायर असला की एचटी हळूच चढतं, हाही सरसकट नियम नव्हे. ईझेड८१ आणि जीझेड३४ मध्ये हीटर वेगळा आणि कॅथोड वेगळा, म्हणून त्यांना तापायला वेळ लागतो. ५वाय३ आणि ५यू४ या रेक्टिफायरमध्ये फिलामेंट (तापणारी तार) हाच कॅथोड, तो काही सेकंदांत तापतो आणि आउटपुट व्हॉल्व्ह जागे होण्याआधी एचटी वर नेऊन ठेवतो.

डायोडची निवडही हिशेबाने करा. सेंटर टॅपच्या जोडणीत बंद असलेल्या डायोडवर शिखराच्या दुप्पट उलटं व्होल्टेज येतं: एका बाजूला भरलेला कंडेन्सर, दुसऱ्या बाजूला वाइंडिंगचं ऋण शिखर. आपल्या वाईटात वाईट उदाहरणात ते ४८३ ची दुप्पट, म्हणजे ९६६ व्होल्ट. १एन४००७ ची मर्यादा १००० आहे. वीजपुरवठ्यात एक झटका आला की काम तमाम. म्हणून प्रत्येक बाजूला दोन-दोन डायोड एकापुढे एक, एकूण चार. ते एकाच कंपनीचे, एकाच पट्टीतून कापलेले घ्या.

वाढलेलं व्होल्टेज परत खाली आणणं

३७५ चे ३१० करायचे तर ६५ व्होल्ट कुठेतरी खर्ची घालावे लागतील. ०.०९ अँपिअरला ६५ व्होल्ट म्हणजे ७२२ ओहम. बाजारात ६८० मिळतो, त्याच्यावर ६१ व्होल्ट पडतात आणि साडेपाच वॅट उष्णता निघते. साडेपाच वॅटसाठी दहा वॅटचा रेझिस्टर चालेल असं वाटतं, पण तो हात लावू न देण्याइतका तापतो. वीस वॅटचा घ्या आणि कंडेन्सरांपासून लांब बसवा.

तो कुठे बसवायचा यावर बरंच काही अवलंबून आहे. पहिल्या कंडेन्सरनंतर बसवला तर त्याच्यातून सलग करंट जातो, हिशेब सरळ राहतो आणि पुढच्या कंडेन्सरबरोबर तो हमही गाळतो. फक्त पहिला कंडेन्सर मात्र कायम चढ्या व्होल्टेजवर राहतो. डायोडच्या आधी, वाइंडिंगच्या प्रत्येक टोकाला एक-एक रेझिस्टर घातला तर झटके मऊ होतात आणि वागणं व्हॉल्व्हच्या जवळ जातं. पण तिथे करंट झटक्यांनी वाहत असल्यामुळे सरासरीच्या हिशेबाने आलेला आकडा लागू पडत नाही, उष्णताही अपेक्षेपेक्षा जास्त निघते. तिथे १५० ओहमपासून सुरुवात करून मोजत मोजत वर जावं. मी दोन्हींचा मेळ पसंत करतो: दोन्ही टोकांना १०० ते १५० ओहम आणि उरलेलं व्होल्टेज कंडेन्सरनंतरच्या रेझिस्टरवर.

अँप्लिफायर मोठ्याने वाजू लागला की ईएल८४ ची जोडी शांत अवस्थेतल्या ८० ऐवजी ११४ मिलिअँपिअरपर्यंत घेते, त्यात स्क्रीनचाही करंट आला. तेव्हा या रेझिस्टरांवर जास्त व्होल्ट पडतात आणि एचटी खाली दबतं. ईझेड८१ असतानाही ते दबतच होतं, त्यामुळे यात नवं काही नाही.

वायरिंग करताना दोन चुका टाळा. पहिली, चार डायोडांचा तयार ब्रिज ३००-०-३०० च्या दोन बाहेरच्या टोकांना लावणं. सेंटर टॅप मोकळा असेल तर ६०० व्होल्टचं शिखर, म्हणजे ८४८ व्होल्ट मिळतील. सेंटर टॅप जमिनीलाच राहिला असेल तर ब्रिजचे खालचे डायोड वाइंडिंगची अर्धी-अर्धी बाजू शॉर्ट करतील आणि फ्यूज वेळेवर उडाला नाही तर ट्रान्सफॉर्मर जळेल. दुसरी चूक जमिनीच्या तारेची. सेंटर टॅपची तार सरळ पहिल्या कंडेन्सरच्या ऋण टोकाला न्या, आणि तिथूनच पुढे जमीन वाटा. ती चासिसवर (अँप्लिफायरच्या धातूच्या सांगाड्यावर) कुठेतरी दूर जोडली तर चार्जिंगचे सगळे झटके चासिसमधून धावतात आणि स्पीकरमध्ये शंभर हर्ट्झची किरकिर ऐकू येते. सिलिकॉन लावल्यावर अँप्लिफायर किरकिरतो, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी ही तार दाखवायला सांगतो.

उरलेली बारीक किरकिर डायोडच्या बंद होण्याच्या क्षणातून येते. १एन४००७ बंद होताना थोडा वेळ उलटा वाहतो आणि मग एकदम तुटतो. त्या धक्क्याने ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग थरथरतं. यूएफ४००७ हा त्याचाच जलद भाऊ, दिसायला आणि जोडायला सारखा. फरक काही रुपयांचा आहे, तोच घ्यावा.

व्हॉल्व्हच्या जागी दुसरा व्हॉल्व्ह

मोठ्या अँप्लिफायरमध्ये आठ पायांचे रेक्टिफायर असतात. ५वाय३, ५यू४ आणि जीझेड३४ एकाच सॉकेटमध्ये बसतात, म्हणून ते आपसांत बदलता येतात असा समज होतो. ५वाय३ चा फिलामेंट ५ व्होल्टवर २ अँपिअर घेतो, जीझेड३४ चा हीटर १.९, पण ५यू४ चा फिलामेंट ३ अँपिअर घेतो. २ अँपिअरच्या वाइंडिंगवर ५यू४ लावला की ते वाइंडिंग तापत राहतं.

५वाय३ काढून जीझेड३४ लावणं वाइंडिंगच्या दृष्टीने ठीक आहे. पण ५वाय३ वर पूर्ण भाराला पन्नास-साठ व्होल्ट पडतात आणि जीझेड३४ वर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, त्यामुळे एचटी चढतं आणि वरचे सगळे हिशेब पुन्हा करावे लागतात. शिवाय एचटीची तार आठ नंबरच्या पायावरूनच निघते ना, हे पाहा. ५वाय३ मध्ये दोन आणि आठ ही फिलामेंटची दोन टोकं असल्याने कुठूनही काम चालतं. जीझेड३४ चा कॅथोड आठलाच जोडलेला असतो.

व्हॉल्व्ह रेक्टिफायर ठेवायचाच असेल तर प्रत्येक ॲनोडच्या तारेत दोन-दोन १एन४००७ घालून ठेवा. व्होल्टेजमध्ये जाणवण्याजोगा फरक पडत नाही, आणि उद्या व्हॉल्व्ह आतून शॉर्ट झाला तरी एसी थेट कंडेन्सरांवर जात नाही. एवढ्या कमी खर्चात एवढं संरक्षण देणारा दुसरा बदल मला माहीत नाही.

एक मिश्र जोडणी आपल्याकडच्या बांधणाऱ्यांना विशेष उपयोगी आहे. सेंटर टॅप नसलेला ट्रान्सफॉर्मर हाताशी असेल, समजा ०-३०० व्होल्ट, तर दोन टोकं ईझेड८१ च्या दोन ॲनोडना जोडा आणि त्याच दोन टोकांपासून जमिनीकडे दोन सिलिकॉन डायोड लावा, डायोडवरच्या रंगीत पट्टीचं टोक वाइंडिंगकडे. अर्धा व्हॉल्व्हचा, अर्धा सिलिकॉनचा ब्रिज तयार होतो. या जोडणीत डायोडवर उलटं व्होल्टेज शिखराएवढंच येतं, त्यामुळे बाजूला एक-एक १एन४००७ पुरतो. एचटी व्हॉल्व्ह तापल्यावरच हळूहळू चढतं. मात्र संपूर्ण वाइंडिंग दोन्ही अर्ध्या फेऱ्यांत राबत असल्यामुळे ते जाड तारेचं हवं: १२० मिलिअँपिअर डीसी हवा असेल तर २०० हून अधिक मिलिअँपिअरचं.

आवाजाचं काय

गिटार वाजवणारे रेक्टिफायरबद्दल इतक्या आवडीने का बोलतात, याला कारण आहे. जोरात तार छेडली की आउटपुट व्हॉल्व्ह एकदम करंट ओढतात, ५वाय३ वर व्होल्ट खर्च होतात, एचटी क्षणभर खाली बसतं आणि मग वर येतं. सूर किंचित दबून फुलल्यासारखा वाटतो. फेंडरच्या जुन्या ट्वीड डिलक्समध्ये ५वाय३ होता. मार्शलच्या जेटीएम४५ मध्ये जीझेड३४ होता, आणि पुढे साठच्या दशकातच मार्शलचे मोठे अँप्लिफायर सिलिकॉनवर गेले. त्यांचा घट्ट, कडक आवाज लोकांना तितकाच आवडला.

घरात ऐकायच्या अँप्लिफायरमध्ये, माफक आवाजाला, करंट फारसा बदलत नाही. त्यामुळे दबणं जवळजवळ नसतंच. सिलिकॉनचा आवाज रुक्ष आणि व्हॉल्व्हचा मधुर, अशी तुलना करणाऱ्यांनी बहुतेक वेळा ३७५ व्होल्टवरच्या अँप्लिफायरची ३१० वरच्याशी तुलना केलेली असते. एचटी सारखं करा, जमिनीची तार नीट लावा, जलद डायोड वापरा आणि मग ऐका. उरलेला फरक फार लहान असतो.

काम करताना

हे सगळं ३०० ते ५०० व्होल्ट डीसीचं काम आहे आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरात जीव घेण्याइतकी वीज राहते. ५० मायक्रोफॅरडला २२० किलोओहमचा रेझिस्टर समांतर असेल तर ४२४ व्होल्टचे ५० व्हायला सुमारे २३ सेकंद लागतात. पण तो रेझिस्टर तुटलेला असू शकतो, म्हणून दरवेळी मीटर लावून शून्य पाहिल्याशिवाय हात आत घालू नका. ५वाय३ च्या अँप्लिफायरमध्ये ५ व्होल्टच्या फिलामेंटच्या तारा पूर्ण एचटीवर असतात. फक्त पाच व्होल्ट म्हणून त्यांना हात लावणं प्राणावर बेतू शकतं. मोजमाप घेताना एक हात खिशात ठेवा, आणि घरात कोणी नसताना हे काम करू नका.

पहिल्यांदा चालू करताना मेनच्या तारेत १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पूर्ण पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बल्ब लावलेला असताना मोजलेले व्होल्ट मात्र खरे नसतात. शॉर्ट नाही याची खात्री झाली की बल्ब काढा, सेंटर टॅपच्या तारेत २५० मिलिअँपिअरचा स्लो फ्यूज आहे ना ते पाहा, मग मोजा. चालू केल्याबरोबर पहिल्या कंडेन्सरवर किती येतं ते आधी, पाच मिनिटांनी एचटी किती ते नंतर, आणि १३० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर किती व्होल्ट आहेत ते शेवटी. १०.४ व्होल्ट म्हणजे जोडीचा मिळून ८० मिलिअँपिअर. ११ च्या पुढे गेला तर एचटी अजून चढं आहे, रेझिस्टर वाढवा.

ईझेड८१ काढल्यावर हीटरचं व्होल्टेजही तपासायला हवं. दोन ईएल८४, एक ईसीसी८३ आणि एक ईएफ८६ मिळून ६.३ व्होल्टवर साधारण दोन अँपिअर घेतात, ईझेड८१ एकटाच एक अँपिअर घेत होता. तो गेला की हीटरच्या वाइंडिंगचा एक तृतीयांश भार उतरतो आणि व्होल्टेज चढतं. ६.६ पर्यंत चालेल. ६.७-६.८ दिसलं तर हीटरच्या दोन्ही तारांत ०.१ ओहमचा एक-एक रेझिस्टर घाला, दोन अँपिअरला मिळून ०.४ व्होल्ट उतरतील. प्रत्येकावर ०.४ वॅट पडतात, दोन वॅटचे घ्या. रिकाम्या झालेल्या सॉकेटच्या एक आणि सात नंबरच्या ॲनोडच्या तारा आणि तीन नंबरची कॅथोडची तार कापून टाकू नका. डायोड सॉकेटच्या पायांवरच सोल्डर केले, तर पुढे चांगला ईझेड८१ हाती आल्यावर ते सोडवून तो परत बसवता येतो. त्या वेळी एचटीतला ६८० ओहमचा रेझिस्टर आणि हीटरमधले दोन छोटे रेझिस्टर आठवणीने काढा, नाहीतर एचटी अडीचशेच्या घरात उतरेल आणि हीटर अर्धवट तापतील.